पांढरीच्या भिंती

मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम पुरे होत आले की गावातील घरांच्या भिंतींकडे आपोआप लक्ष जाते. शिखरावर नवा कळस चढतो, सभामंडप उजळून निघतो, आणि पालखीच्या वाटेवरची घरे मात्र पावसाने काळवंडलेली, पोपडे सुटलेली, कोठे कोठे आतील माती दाखविणारी अशी नजरेत भरू लागतात. मग रंगाचे डबे येतात. आठ दिवसांत सारी आळी नवी कोरी दिसू लागते. पुढे एक पावसाळा जातो, दुसरा जातो, आणि त्याच भिंती पुन्हा पापुद्रे टाकू लागतात. दोष रंगाला दिला जातो, दुकानदाराला दिला जातो, रंगाऱ्यालाही दिला जातो. भिंतीची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वास्तविक आपल्याकडे घराची भिंत कशी उभी राहिली, तिच्यावर कोणकोणते हात फिरले आणि ते हात केव्हा थांबले, हे पाहिले म्हणजे पोपडा का सुटतो याचे उत्तर मिळते.

आरंभ शब्दापासूनच करावा लागेल. जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग सांगितलेले असतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, व पांढरी म्हणजे वस्तीची जागा, ज्याला आज सरकारी दप्तरात गावठाण म्हणतात. गावठाणास पांढरी हे नाव काही उगाच पडलेले नाही. देशावरील गावांची माती खरोखरच पांढुरकी असते. पिढ्यान्‌पिढ्या चुलीतील राख, शेण, गवत, भुसा आणि पडलेल्या घरांच्या भिंती जागच्या जागी मुरत गेल्या, त्यांची ही माती झाली. तीच उकरून पुन्हा भिंत घालावयाची, तीच धाब्यावर पसरावयाची, आणि घर पडले की ती पुन्हा जमिनीस मिळावयाची. पाटील-देशमुखांच्या गढ्यांचेही तसेच. खाली दगडी बांध आणि वर पांढऱ्या मातीचे उंच बुरूज. गढी ओस पडली की गावकरी तिचीच माती धाब्यासाठी नेत, त्यामुळे अनेक गढ्या पावसाने झिजल्या त्याहून अधिक घमेल्यांनी झिजल्या, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही. जुन्या वस्तीची जागा हुडकणारे संशोधक आजही शेतात पांढरीचे टेकाड कोठे दिसते हे आधी पाहतात.

अशाच एका टेकाडाचे उदाहरण पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात आहे. घोड नदीच्या काठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने सन १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. तेथे इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती सापडली. त्या घरांच्या भिंती बुटक्या, मातीच्या होत्या व वर कुडाचे आणि गवताचे काम होते. म्हणजे मातीची भिंत उभी करणे आणि दर वर्षी तिची डागडुजी करणे हा आपल्या मुलुखातील तीन हजार वर्षांहून अधिक जुना उद्योग आहे.

भिंत रंगविण्यापूर्वी ती कशी तयार करावी, याचा पहिला मोठा धडा मात्र घरात नव्हे, डोंगरात सापडतो. अजिंठ्याची चित्रे सर्वांना ठाऊक आहेत, पण चित्राखालील गिलाव्याकडे क्वचितच कोणी पाहतो. तेथील कारागिरांनी कातळ गुळगुळीत केला नाही. छिन्नीचे घाव तसेच ठेवले, कारण खरबरीत पृष्ठभागावर गिलावा धरून राहतो. त्यावर माती, भाताचा कोंडा, गवताचे व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग चित्र. वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले, असे सन २०१६ मध्ये संशोधकांनी प्रसिद्ध केले. तंतू घातले म्हणजे माती वाळताना तडकत नाही, एवढे साधे ते गणित आहे. गिलाव्यात भुसा घालणाऱ्या बायाबापड्यांना ते कोणी शिकवावे लागले नाही.

अजिंठ्यानेच दुसराही धडा दिला आहे. निजाम सरकारने सन १९२० ते १९२२ च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावून या चित्रांची दुरुस्ती करविली. सुटलेला गिलावा त्यांनी पुन्हा चिकटविला, हे काम मोलाचे होते. परंतु चित्रांवर लाखेचे रोगण चढविले. पुढे ते रोगण पिवळे, काळपट पडले आणि ते उतरविण्यात पुरातत्त्व खात्याची अनेक वर्षे गेली. भिंतीवर जे चकचकीत कवच चढते ते पुढे उतरवितानाच समजते.

असो. सामान्य घराच्या भिंतीला चित्रकार नव्हता, पण तिचे पाहणारी माणसे होती, आणि त्या बहुतांशी स्त्रिया होत्या. पश्चिम महाराष्ट्रात नवरात्राआधी घराची जी झाडलोट व धुणेधाणे होते तिला ‘दसरा काढणे’ म्हणतात. पाऊस सरलेला असतो, ऊन कडक पडू लागलेले असते. या दिवसांत घरातील बाया भिंतीचे सुटलेले पापुद्रे हाताने आणि विळ्याच्या पाठीने खरवडून काढीत. उंदरांची बिळे आणि पडलेली खिंडारे माती-भुशाच्या गोळ्याने बुजवीत. ती माती आधी काही दिवस पाण्यात मुरत घातलेली असे, आयत्या वेळी कालवलेली नसे. खिंडार बुजविण्यापूर्वी त्यात पाण्याचा हबका मारीत, कारण कोरडी भिंत ओल्या गिलाव्यातील पाणी शोषून घेते आणि गिलावा धरत नाही. बुजविलेली जागा पुरती वाळली की शेण-मातीचा हात, आणि सर्वांत शेवटी पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा पोतेरा. यात रंगाचे काम एका दिवसाचे व त्याआधीचे काम आठ दिवसांचे, हे प्रमाण ध्यानात घेण्यासारखे आहे. कोठेही त्याची नोंद नाही, मजुरीही नाही. सरकारी कागदात घर पुरुषाच्या नावे लागत असे, पण ते उभे राहत असे ते या दर वर्षीच्या हातांमुळे.

चुन्याची कथा याहून मोठी आहे. चुनखडीचे खडे लाकूड-कोळशाच्या थरांबरोबर भट्टीत रचून भाजले म्हणजे कळीचा चुना तयार होतो. लोणारी समाजाचा हा पिढीजात व्यवसाय. मुंबईतील चुनाभट्टी हे उपनगर त्या भट्ट्यांचेच नाव आजवर वागवीत आहे. कोकणात व गोव्यात चुनखडीऐवजी समुद्रातील शिंपले भाजून चुना करीत. कळीच्या चुन्यावर पाणी पडले की तो फसफसतो, उकळतो आणि त्याचे पीठ होते. याला चुना विझविणे म्हणतात. या वेळी डोळ्यांत शिंतोडा गेला तर दृष्टी जाण्याचा धोका असतो, म्हणून जुने गवंडी मुलांना टाकीच्या जवळही फिरकू देत नसत. विझलेला चुना वाळूसह दगडी घाणीत घालून बैलांकडून मळीत. गोल चर आणि त्यात फिरणारे जाडजूड दगडी चाक अशा चुन्याच्या घाण्या अनेक गडांवर अजून पाहावयास मिळतात. पर्यटक त्यावर बसून छायाचित्रे काढतात, पण गडाचा तट ज्याने बांधला तो माल येथे मळला गेला, हे सांगणारी पाटी क्वचितच असते.

चुन्याचा खरा गुण पुढेच आहे. भिंतीवर चढलेला चुना हवेतील कर्बवायू हळूहळू ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. दगड भाजून पीठ केले आणि त्या पिठाचा भिंतीवर पुन्हा दगड झाला, असा हा फेरा आहे. याला महिने लागतात. शिवाय चुन्याचा थर सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडून वाळते. बारीक भेग पडली तर पावसाच्या पाण्याबरोबर विरघळलेला चुना त्या भेगेत येऊन बसतो व ती काही अंशी आपली आपण भरते. माती आणि दगड या दोघांनाही तो मानवतो, कारण तो दोघांपेक्षा फार कठीण नाही.

रंगही मातीचेच होते. गेरू, काव, पिवडी आणि थोडी नीळ. हुरमुंजी हा तांबडा रंग इराणच्या आखातातील होर्मूझ बंदराचे नाव घेऊन आला, तो गावोगावच्या वाण्याच्या दुकानात विसावला. गोव्यात आणि सिंधुदुर्गात तर या दोन वस्तूंतून, म्हणजे पांढरा चुना आणि तांबडी काव यांतून, कावी नावाची कला निघाली. चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा थर देऊन तो ओला असतानाच टोकदार हत्याराने कोरावयाचा, म्हणजे खालचा पांढरा चुना वेलबुट्टीच्या रूपाने वर येतो. तेथील काही देवळांच्या भिंतींवर ही चित्रे मुसळधार पाऊस सोसून टिकली आहेत. रंग भिंतीवर लावलेला नसून भिंतीतच मुरलेला आहे, हे त्याचे कारण.

मग सिमेंट आले. इंग्लंडमधील जोसेफ ॲस्पडिन याने सन १८२४ मध्ये पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्या देशात पोरबंदर येथील कारखान्यातून सन १९१४ मध्ये माल बाहेर पडू लागला, आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन ए. सी. सी. ही मोठी कंपनी निघाली. तरीही खेड्यात सिमेंट पोहोचावयास फार काळ लागला. धरणे, पूल, कारखाने यांचा हक्क पहिला. नियंत्रणाच्या काळात सिमेंटची पोती परमिटावर मिळत. संडासासाठी पाच पोती, विहिरीच्या कठड्यासाठी दहा पोती, असे अर्ज करावयाचे, शिफारशी आणावयाच्या आणि हेलपाटे घालावयाचे. सिमेंटच्या वाटपावरून राज्याचे राजकारणही त्या दिवसांत ढवळून निघाले होते. सन १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः व १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. जी वस्तू इतकी वर्षे चिठ्ठीवाचून मिळत नव्हती तिला मान मिळावा, यात नवल नाही. ज्याच्या घराला सिमेंटचा गिलावा तो सुधारलेला, व ज्याच्या घराला मातीचा तो मागासलेला, अशी समजूत रूढ झाली. घर पक्के करावयाचे म्हणजे काय, तर जुन्या मातीच्या भिंतीवर बाहेरून सिमेंटचा हात फिरवावयाचा. पोती कमी असत, म्हणून तो हातही पातळ.

येथेच घोटाळा झाला. सिमेंटचा गिलावा कठीण आणि बंद असतो, मातीची भिंत मऊ आणि उघडी. जोत्यातून ओल वर चढते, धाब्यातून पाणी उतरते, ती ओल पूर्वी बाहेरच्या अंगाने वाळत असे. आता तिची वाट अडली. उन्हाने सिमेंटला बारीक तडा जातो, त्यातून पाणी आत शिरते व आतच राहते. आतील माती भिजून लगदा होते, आणि एके दिवशी हातभर रुंदीचा सिमेंटचा पापुद्रा मागची माती घेऊन खाली येतो. त्यावर पुन्हा सिमेंट, पुन्हा रंग. सिमेंट वाईट नाही. विटेच्या व काँक्रीटच्या भिंतीला ते योग्यच आहे. मातीच्या भिंतीला ते न मानवणारे पांघरूण आहे, एवढेच.

तैलरंगाचे व पुढे प्लॅस्टिक रंगाचे असेच झाले. मुंबईत सन १९४२ मध्ये एशियन पेंट्स सुरू झाली. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी १९५४ मध्ये काढलेला गट्टू हा खट्याळ पोरगा हातात ब्रश घेऊन खेड्यापाड्यांतील दुकानांच्या पाट्यांवर जाऊन बसला. स्नोसेम हे एका कंपनीच्या सिमेंट-रंगाचे नाव इतके रुळले की पुष्कळ गावांत बाहेरच्या कोणत्याही रंगाला लोक स्नोसेमच म्हणू लागले. डबा उघडावा, पाणी किंवा तेल घालावे आणि लावावा. चुना विझवा, गाळा, मुरवा ही यातायात संपली, आणि तिच्याबरोबर खरवडणे, बुजविणे, वाळविणे हेही संपले. रंगाऱ्याला मजुरी चौरस फुटावर मिळू लागली. खरवडण्याचे चौरस फूट कोणी मोजीत नाही, मग तो तरी ते का करील?

भिंतीचा प्रश्न केवळ शोभेचा नाही, हे महाराष्ट्राला तीन वेळा फार मोठी किंमत देऊन कळले. दिनांक १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा नदीकाठच्या पेठांतील जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. दिनांक ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन करून लोक झोपले असताना, किल्लारीचा. लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. तेथील घरांच्या भिंती दोन-तीन फूट आणि त्याहूनही जाड होत्या, वर मातीचे जड धाबे होते. पण दगड मातीत नुसते रचलेले होते. आतील बाजूचा थर व बाहेरील बाजूचा थर यांना बांधून ठेवणारे आरपार जोडदगड पुष्कळ भिंतींत नव्हतेच. भूकंपापूर्वीही अशा भिंतीच्या दोन थरांमधील माती बसत जाते, ओल शिरते आणि बाहेरचा थर फुगतो. गवंडी याला ‘भिंतीने पोट सोडले’ असे म्हणतात. ते पोट गिलाव्याने सारखे करून त्यावर रंग देता येतो, आणि तसे केलेले घर बाहेरून धडधाकट दिसते. परंतु ती भिंत उकलूनच नव्याने बांधली पाहिजे. किल्लारीनंतर दुरुस्तीची जी मोठी योजना राबविली गेली तिच्यात भिंतींना भोके पाडून जोडदगड किंवा सळईसह काँक्रीटचे आरपार बांध घालण्याची रीत कारागिरांना शिकविली गेली. ती रीत आजही उपयोगाची आहे. रंगाचा विचार त्यानंतर.

म्हणून भिंत रंगवावयास काढताना ओळंबा आधी बाहेर यावा, डबा नंतर. भिंत ओळंब्यात आहे काय, पोट सुटले आहे काय, कोपरे एकमेकांपासून फाटले आहेत काय, हे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. तडा गेलेला असेल तर तो जुना व थांबलेला आहे की अजून वाढतो आहे, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती बांधकाम खात्यातील जुने ओव्हरसियर करीत असत. तड्यावर आडवी काचेची बारीक पट्टी सिमेंटने चिकटवावयाची आणि शेजारी तारीख लिहावयाची. काही महिन्यांत काच तडकली तर भिंत हलते आहे. अशा वेळी पाया, जोते आणि छप्पर तपासले पाहिजे, लांबी भरून भागणार नाही.

दुसरी गोष्ट पाणी. पोपडे जेथे सुटतात तेथे पाणी कोठून येते हे शोधावे. छपराच्या पागोळ्या जोत्यावर पडून उडणारे शिंतोडे, फुटलेली पन्हळ, भिंतीला टेकून रचलेली जळणाची वा उकिरड्याची रास, आणि अलीकडे रस्त्याचे काँक्रीट दर वेळी वर चढत गेल्याने घराचे जोते खाली जाणे, ही कारणे नेहमीची. यांतील शेवटचे कारण गावोगाव दिसते व त्याची तक्रार फारशी कोणी करीत नाही. जोत्याला लागून साधा उताराचा चर काढला तरी कमरेइतक्या उंचीपर्यंतची ओल एक-दोन वर्षांत उतरते. पाणी बंद केल्याशिवाय रंग देणे म्हणजे गळक्या घागरीला बाहेरून कल्हई करणे होय.

भिंतीवर पांढरी, खारट बुरशीसारखी लव येते तिला लोणा म्हणतात. ती बुरशी नसून मातीतील व विटेतील क्षार होत. लोणा पाण्याने धुऊ नये. पाण्याने तो विरघळून पुन्हा आत शिरतो व वाळताना पुन्हा बाहेर येतो. कोरड्या ब्रशाने झाडून भुकटी सुपात गोळा करावी व घरापासून दूर टाकावी, आणि असे काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा करावे. शेवाळाचे उलटे आहे. ते ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने मारून, मग घासून, मग स्वच्छ पाण्याने धुऊन काढावे लागते. नुसते खरवडले तर त्याची मुळे राहतात व रंगाखालून हिरवा डाग वर येतो.

मग हातोडीच्या लाकडी दांड्याने सारी भिंत वाजवून पाहावी. जेथे बद्द आवाज येतो तेथे गिलावा मागून सुटलेला आहे. तो दिसावयास कितीही चांगला असो, काढलाच पाहिजे. घरमालकाचा जीव येथे हळहळतो, रंगारीही ‘राहू द्या, चालतंय’ म्हणतो, आणि पुढच्या वर्षीचा पोपडा बरोबर त्याच जागी सुटतो. काढलेल्या जागेच्या कडा चौकोनी व सरळ कराव्यात, मागचा पृष्ठभाग छिन्नीने टाचे मारून खरबरीत करावा, धूळ झाडावी, पाणी मारावे आणि जात पाहून जातीचा माल भरावा. मातीच्या भिंतीला माती-भुसा, चुन्याच्या भिंतीला चुना-वाळू, विटेच्या सिमेंट-भिंतीला सिमेंट-वाळू. दगड-मातीच्या भिंतीच्या दरजा भरावयाच्या असतील तर चुना उत्तम. तो हल्ली विझविलेला, गोणीत बांधलेला मिळतो, भट्टी शोधत हिंडावे लागत नाही. सिमेंटच्या नव्या गिलाव्यावर आठवडाभर तरी पाणी मारावे आणि नंतर तो पुरता वाळू द्यावा. रंगापूर्वी सुमारे चार आठवडे थांबावे, असा साधारण प्रघात आहे, कारण नव्या सिमेंटचा क्षार रंगाला खातो. भिंत वाळली की नाही हे हात लावून कळत नाही. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी कडांनी घट्ट चिकटवून एक दिवस ठेवावा. आतून घाम धरला तर अजून थांबावे.

जुन्या चुन्यावर नवा प्लॅस्टिक रंग किंवा पुट्टी चढविणे ही हल्लीची फार मोठी चूक. भिंतीवर तळहात घासून पाहावा. हाताला पांढरी भुकटी लागली तर त्यावर काहीही धरणार नाही, रंग भुकटीला चिकटतो आणि भुकटी भिंतीला चिकटलेली नसते. एक तर ती सर्व खरवडून काढावी, नाही तर त्या भिंतीला पुन्हा चुनाच द्यावा. दुसरा मार्ग स्वस्त आहे व मातीच्या घरासाठी तोच बरा. दारे-खिडक्यांवरील जुना तैलरंग काढताना मात्र वेगळी काळजी घ्यावी लागते. जुन्या रंगांत शिसे असे. सन २०१६ च्या नियमांनी आपल्या देशात घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भाग इतके मर्यादित केले व ते १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्याआधीचा रंग कोरडा घासू नये, ओला करून घासावा, नाकातोंडावर फडके बांधावे, खाली पडलेली भुकटी त्याच दिवशी गोळा करावी आणि लहान मुलांना त्या अंगणात खेळू देऊ नये.

थरावर थर चढला की खालचे मूळ रूप दिसेनासे होते, हे भाविकांना सांगावयास नको. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे जाड थर सन २०२२ मध्ये उतरविण्यात आले, तेव्हा अनेकांना देवीचे मूळ रूप प्रथमच दिसले. जुन्या दगडी देवळांवरील तैलरंगही अनेक ठिकाणी असाच उतरविला जात आहे. घरांच्या भिंतींवरील थर उतरविताना कधी कधी खाली गेरूचा पट्टा, चुन्यात रेखलेली कमळे, दाराच्या दोन्ही बाजूंचे हत्ती-मोर निघतात. असे काही निघाले तर खरवडणे थांबवावे व निदान छायाचित्र तरी काढून ठेवावे.

सफेदी देण्याची रीत शेवटी सांगावयाची राहिली. एक किलो चुन्याला सुमारे पाच लिटर पाणी घालून तो रात्रभर मुरू द्यावा, जाड्याभरड्या फडक्यातून गाळावा, त्यात उकळवून विरघळविलेला डिंक किंवा सरस आणि चवीपुरती म्हणावी इतकी नीळ घालावी. निळीने चुना अधिक पांढरा दिसतो. भिंत आधी ओलसर करून घ्यावी. सरकारी बांधकाम खात्याच्या नियमावलीत प्रत्येक हाताचे चार फटकारे सांगितले आहेत : एक वरून खाली, त्यावर एक खालून वर, मग एक उजवीकडून व एक डावीकडून, आणि हे चारही पहिला फटकारा वाळण्याच्या आत. नव्या गिलाव्याला असे तीन हात लागतात, जुन्याला एक किंवा दोन पुरतात. एक हात पुरता वाळल्यावरच दुसरा द्यावा. पहिल्या हाताला भिंत मळकट व ढगाळ दिसते, त्याने घाबरून लगेच दाट चुना फासू नये. पांढरेपणा वाळल्यावर येतो.